समुद्रालाही चढ-उतार असतो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उपग्रहांद्वारे होणाऱ्या हवामान निरीक्षणावरचे एक टिपण मागील अंकात आम्ही छापले होते. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे, आमच्या अपेक्षेविरुद्ध, आकाशाऐवजी समुद्राविषयी विचारणारी निघाली. या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही पाऊस, पूर, दुष्काळ आणि बाजारातला बांगडा या चारही वाटांनी समुद्र येथे पोहोचतोच. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांलगत थंड प्रवाह वाहतात, असे आम्ही सांगतो आणि पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया ही उदाहरणे देतो. ऑस्ट्रेलियाचेही नाव त्याच यादीत येते. एका विद्यार्थ्याने मात्र ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या प्रवाळांचे छायाचित्र दाखवून विचारले, “बाई, पाणी थंड असेल तर येथे प्रवाळ कसे?” मला नीट उत्तर देता आले नाही. (शिक्षिका, विटा)

उत्तर : विद्यार्थ्याची शंका बरोबर आहे आणि आपण शिकवता तो नियमही चुकीचा नाही. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा हा त्या नियमाचा अपवाद आहे. पाठ्यपुस्तकातला थंड प्रवाह तेथे आहे, पण तो किनाऱ्यापासून दूर, रुंद आणि मंद गतीने उत्तरेकडे सरकतो. किनाऱ्याला चिकटून मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे उष्ण आणि तुलनेने कमी खारट पाण्याचा एक अरुंद पट्टा वाहतो, त्याला लीउविन प्रवाह म्हणतात. १६२२ मध्ये त्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या ‘लीउविन’ या डच जहाजाचे नाव या प्रवाहाला १९८० मध्ये देण्यात आले. आपल्या विद्यार्थ्याने दाखवलेले प्रवाळ बहुधा हाउटमन अब्रोल्होस बेटांजवळचे असावेत. सुमारे २८ ते २९ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या बाहेर, ते टिकून आहेत, आणि त्यामागे या उष्ण पट्ट्याचा मोठा हात आहे.

हा प्रवाह वाहतो कशामुळे, हा खरा मजेदार भाग आहे. प्रवाह म्हटले की आपल्या मनात वारा येतो, पण येथे उन्हाळ्यात वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे प्रवाहाच्या थेट विरुद्ध वाहत असतो. प्रशांत महासागरातील व्यापारी वारे उष्ण पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. त्यातले काही पाणी तेथील बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून हिंदी महासागरात उतरते. उष्ण आणि कमी खारट पाणी हलके असल्यामुळे अधिक जागा व्यापते, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला समुद्राची पातळी नैर्ऋत्य टोकाजवळच्या पातळीपेक्षा सुमारे हातभर उंच राहते. शेकडो किलोमीटरांत हातभर उतार ही आपल्या दृष्टीने काहीच नव्हे, पण पाण्याला तेवढा पुरतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे पाणी किनाऱ्याकडे वळते, किनारा ते अडवतो आणि मग ते किनाऱ्याकडेने दक्षिणेला वाट काढते. एप्रिलनंतर विरोधी वारा मंदावला की प्रवाहाला जोर चढतो. म्हणून तो तेथील शरद ऋतूत आणि हिवाळ्यात सर्वांत बळकट असतो.

हवामानातील चढ-उताराचा संबंध येथेच येतो. ला निनाच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पूर्व भाग नेहमीपेक्षा थंड असतो तेव्हा, व्यापारी वारे जोरात असतात, इंडोनेशियाजवळ पाणी अधिक साचते, उतार वाढतो आणि लीउविन प्रवाह बळावतो. एल निनोच्या वर्षी तोच भाग नेहमीपेक्षा उष्ण असतो आणि याच्या उलट घडते. फ्रिमँटल बंदरात समुद्रपातळीच्या नोंदी १८९७ पासून ठेवल्या आहेत आणि त्या पातळीवरूनच प्रवाहाच्या बळाचा अंदाज बांधण्याची पद्धत उपग्रहांच्या आधीपासून रूढ आहे. २०१०-११ च्या तीव्र ला निनात हा प्रवाह इतका उष्ण आणि जोरदार झाला, की फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये त्या किनाऱ्यालगतचे पाणी काही ठिकाणी नेहमीपेक्षा ५ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापले. समुद्रातील केल्प या मोठ्या शेवाळाची वने सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यातून नाहीशी झाली. ‘समुद्री उष्णतेची लाट’ हा शब्दप्रयोग आज सर्रास ऐकू येतो, त्याच्या प्रसारात या घटनेचा वाटा मोठा आहे. विद्यार्थ्याला आवडेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे तेथील शेवंडांची पिल्ले नऊ ते अकरा महिने खुल्या समुद्रात तरंगत राहतात आणि मग किनाऱ्याकडे परततात. कोणत्या वर्षी किती पिल्ले परततील, यात हा प्रवाह आणि त्यातून सुटणारे भोवरे दखल घेण्याइतका भाग घेतात.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. आयर्विन पुलाच्या खांबांजवळ पुरात पडणारे भोवरे मी आयुष्यभर पाहिले. भोवरा मध्ये खोलगट असतो आणि ओंडकासुद्धा आत ओढून घेतो. आपल्या टिपणात समुद्रात दोनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे असतात, असे वाचले. मग त्यांत जहाजे कशी सापडत नाहीत? (सांगली)

उत्तर : दोन्हींना आपण भोवराच म्हणतो, पण त्यांची जात वेगळी आहे. खांबाजवळचा भोवरा काही सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. समुद्रातला भोवरा आठवडे किंवा महिने टिकतो आणि त्याचा सगळा तोल पृथ्वीच्या परिवलनावर सांभाळलेला असतो. त्यामुळे पुलाखाली कधीही न दिसणारी एक गोष्ट तेथे घडते : उष्ण पाण्याचा भोवरा मध्ये खोलगट नसून फुगीर असतो. तो म्हणजे पाण्याची एक बुटकी टेकडी. टेकडीवरून पाणी सरळ खाली ओघळायला हवे, पण परिवलनामुळे ते सतत एका बाजूला वळत राहते आणि उताराला आडवे होऊन टेकडीभोवती प्रदक्षिणा घालत बसते. उत्तर गोलार्धात उष्ण भोवरे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दक्षिण गोलार्धात उलट. थंड भोवरा मध्ये खोलगट असतो आणि तो विरुद्ध दिशेने फिरतो.

या टेकडीची उंची साधारण १० ते ३० सेंटिमीटर आणि पायथ्याची रुंदी शे-दोनशे किलोमीटर. त्यावरून जाणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला चढ-उतार कळणे शक्यच नाही. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर दोनशे किलोमीटर व्यासाच्या भोवऱ्याच्या कडेने एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. ओंडका आत ओढला जाण्याचा प्रश्नच येत नाही. तो फार तर गोल फिरत राहील आणि भोवऱ्याबरोबर दिवसाला काही किलोमीटर पश्चिमेकडे सरकेल.

धोका निराळ्या प्रकारचा आहे. चक्रीवादळ जेथून जाते तेथले पाणी ते घुसळते, खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाचे इंधन आपोआप कमी होते. उष्ण भोवऱ्यात मात्र उबदार थर इतका जाड असतो की कितीही घुसळले तरी वर उबदार पाणीच येते. २००५ मध्ये अमेरिकेतील कॅटरिना चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातील अशाच उष्ण पाण्यावरून जाताना अतितीव्र झाले. म्हणून चक्रीवादळाचा अंदाज करणारे आता केवळ पृष्ठभागाचे तापमान न पाहता २६ अंशांहून अधिक उबदार पाणी किती खोलवर आहे, याचा हिशेब मांडतात. हा हिशेब मुख्यतः समुद्राच्या फुगवट्यावरूनच बांधावा लागतो.

प्रश्न : शेकडो किलोमीटर उंचीवरून वीस सेंटिमीटरचा फुगवटा मोजणे कसे शक्य आहे? समुद्रावर लाटाच दोन-तीन मीटरच्या असतात. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : उपग्रहावरचे उंचीमापक रडार खाली रेडिओलहरींचा ठोका पाठवते आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजते. अमेरिका आणि फ्रान्स यांनी ऑगस्ट १९९२ मध्ये सोडलेला टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवरून फिरत असे. तेथून ठोका जाऊन यायला सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एक ठोका काही किलोमीटर रुंदीच्या पाण्यावर पडतो आणि असे असंख्य ठोके सरासरीत धरले जातात, त्यामुळे लाटांचे शेंडे आणि दऱ्या एकमेकांना फेडतात. परत आलेल्या ठोक्याची धार जितकी बोथट, तितक्या लाटा मोठ्या, अशी लाटांची उंचीही त्यातूनच मिळते. हवेतील बाष्प आणि वरच्या थरांतील विद्युतभारित कण ठोक्याला किंचित उशीर करतात. ती चूक वेगळ्या उपकरणांनी वजा करतात. भरती-ओहोटीही वजा करतात. शेवटी अचूकता दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत येते.

आणखी एक वजाबाकी उरते आणि ती सर्वांत मोठी असते. गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसल्यामुळे समुद्राला कायमचेच खड्डे आणि उंचवटे आहेत, आणि जगातला सर्वांत मोठा खड्डा आपल्याच दक्षिणेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेकडील हिंदी महासागराचा पृष्ठभाग पृथ्वीचा गणिती आकार म्हणून धरलेल्या आदर्श लंबगोलापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली आहे. त्या खड्ड्यात पाणी धावत जात नाही, कारण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने तीच सपाटी होय. प्रवाहांचा संबंध या सपाटीपासून पाणी किती वर-खाली आहे, याच्याशी असतो. येथे स्पष्ट सांगायला हवे, की हे उपग्रह प्रवाह पाहत नाहीत. ते उंची मोजतात, उंचीवरून उतार काढला जातो आणि उतारावरून प्रवाहाचे गणित मांडले जाते. विषुववृत्ताजवळ परिवलनाचा परिणाम क्षीण होत असल्यामुळे हे गणित तेथे डळमळते.

भारताचा यातील वाटा उल्लेखनीय आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘सरल’ हा इस्रो आणि फ्रान्स यांचा संयुक्त उपग्रह. त्याच्या रडारची तरंगलांबी पूर्वीच्या रडारांपेक्षा लहान होती, त्यामुळे ठोका कमी रुंदीवर पडत असे आणि किनाऱ्याजवळची मापे अधिक चांगली मिळत. त्याची किंमत म्हणून जोराच्या पावसात मात्र ते अडखळे. जुन्या उपग्रहांची दुसरी अडचण अशी, की ते फक्त आपल्या पायाखालची रेघ मोजत आणि दोन रेघांमध्ये विषुववृत्तावर सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर पडे, एखादा भोवरा त्यात सहज निसटावा इतके. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ‘स्वॉट’ या उपग्रहाने रेघेऐवजी सुमारे १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा मोजायला सुरुवात केली.

तापमान मोजण्याची रीत वेगळी आहे. अवरक्त किरणांनी मोजणारी उपकरणे बारीक तपशील दाखवतात, पण ढगांपलीकडे पाहू शकत नाहीत आणि जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र ढगांखालीच असतो. सूक्ष्मलहरींची उपकरणे ढगांतून पाहतात, मात्र त्यांची नजर भरड असते आणि किनाऱ्यालगत जमिनीमुळे ती फसते. दोन्हींना दिसते ती पाण्याची केवळ वरची त्वचा. आतले तापमान जाणण्यासाठी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून साधारण दर दहा दिवसांनी वर येणारे आर्गो तरंगक लागतातच.

प्रश्न : कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर, पण ती पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला जाते. हे पाणी कधी अरबी समुद्रात येते का? प्रश्न पोरकट वाटल्यास क्षमा असावी. (वाई)

उत्तर : पोरकट मुळीच नाही. या महिन्याच्या पत्रांत आम्हांला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच. तत्त्वतः उत्तर ‘होय’ असे आहे.

पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा असे सगळे गोडे पाणी बंगालच्या उपसागरात उतरते. (कृष्णेचा हिस्सा आता फार थोडा आहे, कारण तिचे बहुतेक पाणी वाटेतल्या धरणांतच अडते.) पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि हे कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेकडे येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरमुखी असतो. तो या पाण्याला केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याने वर घेऊन जातो. पुढे जाताना ते मिसळत जाते. गंमत अशी, की त्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मंद वारे उत्तरेकडूनच येत असतात, म्हणजे आपला हा प्रवाहही लीउविनप्रमाणे वाऱ्याच्या विरुद्ध जातो. येथेही कारण उताराचेच आहे. शिवाय बंगालच्या उपसागरातील वाऱ्यांचा परिणाम किनारा धरून लाटेच्या रूपाने कन्याकुमारीला वळसा घालत पश्चिमेकडे पोहोचतो. याच काळात लक्षद्वीपजवळ समुद्रपातळीचा एक मोठा फुगवटा तयार होतो आणि पुढच्या महिन्यांत सावकाश पश्चिमेकडे सरकतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ मध्ये त्याची उपपत्ती मांडली. पावसाळ्यात त्याच जागी फुगवट्याऐवजी खळगा असतो, प्रवाह दक्षिणेकडे वळतो आणि किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते.

या पाण्याचा परतीचा प्रवास आपल्या पावसाच्या दृष्टीने निरर्थक नाही. कमी खारट आणि म्हणून हलक्या पाण्याचा थर वर पसरला की खालचे थंड पाणी त्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे सूर्याची उष्णता वरच्या थरातच अडकते. एप्रिल-मेमध्ये केरळ आणि लक्षद्वीपच्या आसपासचा समुद्र ३० अंशांपेक्षा अधिक तापतो, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. मोसमी पावसाचे आगमन होते ते याच तापलेल्या पाण्यावरून. २००९ मध्ये सोडलेला युरोपचा ‘स्मॉस’ आणि २०१५ चा अमेरिकेचा ‘स्मॅप’ हे उपग्रह समुद्राची क्षारता वरून मोजतात, त्यामुळे या गोड्या पाण्याची वाट आता नकाशावर पाहता येते.

प्रश्न : कुंभार्ली घाटातून माल येतो. काही आठवडे बांगडा भरपूर, काही आठवडे नाही. उपग्रहाला मासे दिसतात का? (मासळी विक्रेता, कराड)

उत्तर : मासे दिसत नाहीत, माशांच्या खाण्याचा माग दिसतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्याचा रंग पाहून जेथे थंड आणि उबदार पाण्याच्या कडा भिडतात, ती संभाव्य मासेमारीची क्षेत्रे मच्छीमारांना कळवते. थंड भोवऱ्यांत खालचे पोषक पाणी वर येते म्हणून तेथे खाणे जास्त, उष्ण भोवऱ्यांत सहसा कमी. लीउविनचे उष्ण भोवरे येथेही अपवाद ठरतात, कारण ते किनाऱ्याचे समृद्ध पाणी पोटात घेऊन निघतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळातील टंचाईचे कारण मात्र समुद्रात शोधू नये.

प्रश्न : २०१९ च्या महापुराला हिंदी महासागराचा ‘द्विध्रुव’ कारणीभूत होता, असे वाचले. (सांगली) एल निनो प्रशांत महासागरात आणि दुष्काळ आमच्या माणदेशात, हे कसे? (दहिवडी)

उत्तर : दोन्ही पत्रांना एकच उत्तर देतो. हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा उष्ण आणि सुमात्राजवळची पूर्व बाजू थंड झाली, की त्या स्थितीला धन द्विध्रुव म्हणतात. ही संकल्पना १९९९ मध्ये मांडली गेली. तेव्हा सुमात्राजवळ समुद्रपातळीही खाली जाते आणि पश्चिमेला वर येते. उंचीमापक उपग्रहांना ते स्पष्ट दिसते. २०१९ चा धन द्विध्रुव आजवरच्या तीव्र द्विध्रुवांपैकी एक होता, हे खरे. पण तो कळसाला पोहोचला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले ते ऑगस्टच्या पूर्वार्धात. त्याच वर्षी जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के पाऊस कमी पडला होता, हेही विसरता कामा नये. घाटमाथ्यावर सलग काही दिवस अतिवृष्टी का झाली, याचे उत्तर त्या आठवड्यांतील कमी दाबाच्या क्षेत्रांत आणि मोसमी वाऱ्यांच्या जोरात आहे. पाणी सांगलीत किती चढले, यात नदीचे पात्र, धरणांतील साठा आणि विसर्ग यांचा हिशेब येतो. द्विध्रुव फार तर संपूर्ण हंगामाचे पारडे कलते करतो. एका पुराचे खापर त्याच्यावर फोडणे आम्हांला पटत नाही.

एल निनोचेही असेच आहे. प्रशांत महासागरातील उष्ण पाणी पूर्वेकडे सरकले की त्यावर उभी राहणारी ढगांची आणि पावसाची केंद्रेही सरकतात आणि आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. २००२ आणि २००९ मध्ये असे होऊन पाऊस सरासरीच्या सुमारे पाचव्या हिश्शाने घटला. १९९७ चा एल निनो त्याहून कितीतरी प्रबळ होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी धन द्विध्रुव मदतीला होता, असे मानतात. २०२३ मध्ये एल निनो आणि धन द्विध्रुव दोन्ही होते. हंगाम सरासरीच्या ९४ टक्क्यांवर थांबला, पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके मुळातच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे माणदेशात वर्षाला पाचशेच्या आसपासच. जेथे शिल्लकच नाही, तेथे एक कोरडा महिना पुरेसा होतो.

प्रश्न : हे नकाशे सामान्य माणसाला पाहता येतात का? (तासगाव)

उत्तर : येतात; इन्कॉइसच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य आहेत. पाहताना एक काळजी घ्यावी. काही नकाशे प्रत्यक्ष तापमान दाखवतात आणि काही सरासरीपासूनचा फरक. लाल रंग दोन्हींत असतो, पण अर्थ वेगळा. सुरुवात एप्रिलपासून करावी. कोचीच्या पश्चिमेला एक लालसर डाग दिसेल, मेअखेरपर्यंत तो गडद होत जाईल आणि पाऊस केरळात स्थिरावल्यावर काही आठवड्यांत विरून त्या जागी किनाऱ्याला लागून थंड पाण्याची पट्टी उमटेल. मधले काही दिवस नकाशा कोरा दिसला तर यंत्र बिघडले असे समजू नये, ते ढग आहेत.